लांब बघ, आत्या

प्रशांतदादाचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याचं शटर नुकतंच वर केलं होतं. "मधू, आई गेली," एवढं म्हणून तो तुटक तुटक सांगत गेला. सकाळचा चहा घेऊन जरा पडते म्हणाली आणि पडली ती पडलीच. माझ्या तोंडातून मात्र निघालं ते वेगळंच. "दादा, आधी पंखा बंद कर." मी पुन्हा म्हणाले, "पंखा बंद कर. तिचे डोळे नीट मीट. कापूस पाण्यात भिजवून पीळ आणि दोन्ही पापण्यांवर ठेव. डोक्याखाली उशी राहू दे, काढू नकोस. डॉक्टरांना बोलाव. मी निघाले." फोन स्पीकरवर होता हे मला नंतर कळलं. घरात जमलेल्या बायकांनी ते सगळं ऐकलं आणि दुपारपर्यंत आमच्या आळीत झालं की मालतीबाईंच्या भाचीला रडू आलं नाही, तिनं पंख्याची चौकशी केली. खरं आहे ते. रडायला पुढचं सगळं आयुष्य होतं. डोळ्यांना मात्र तेवढी सवड नसते. बुबुळावरचा तो काचेसारखा पडदा वाऱ्यानं सुकला की संपलं, मग तो कुणाच्या उपयोगी पडत नाही. काही तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं पोचावी लागतात, आणि ती यायची होती ठाण्याहून, कंटेनरांनी कायम तुंबलेल्या कशेळीच्या रस्त्यानं. कशेळीचा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना मी आणखी काही सांगायला नको.

मालतीआत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. वडप्याच्या पुढे एका गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं सगळी नोकरी काढली. नवरा गेल्यावर प्रशांतदादाला, आपल्या मुलाला, तिनं एकटीनं वाढवलं. बदलीचे आदेश आले की अर्ज घेऊन पंचायत समितीच्या पायऱ्यांवर बसून राहायची आणि तेच गाव पुन्हा मिळवून यायची. तिच्या डाव्या डोळ्यानं तिला वाचता येत नव्हतं. हे तिला स्वतःला कळलं तेच मुळी डी.एड.ला असताना. उजव्या डोळ्याला मोठी रांजणवाडी झाली, डॉक्टरांनी पट्टी बांधली, आणि घरी येऊन पुस्तक उघडलं तर समोर नुसत्या मुंग्या! तोवर दोन्ही डोळे उघडे ठेवून ती शिकली होती, वर्गात पहिली येत होती. एकेक डोळा झाकून कुणी कधी बघितलंच नव्हतं. घरातल्या मोठ्यांनी तेव्हा निकाल दिला की लहानपणी मोठा ताप आला होता, तो डोळ्यात उतरला. डॉक्टर म्हणाले, एक चांगला आहे ना, मग तो जपा. झालं. त्या दिवसापासून तो डोळा घरात 'निकामी' ठरला. आत्याही तसंच म्हणायची, अगदी सहज... जसं आपण नळाला पाणी नाही म्हणतो तसं. तिच्या वर्गातली वांड पोरं मुद्दाम तिच्या डाव्या हाताला बसायची. कडेकडेचं तिला सगळं दिसतं, फक्त अक्षरं लागत नाहीत, हे त्यांना कान पकडले गेल्यावर कळायचं.

मी ऑप्टोमेट्रीला प्रवेश घेतला तेव्हा घरात कुणालाच धड सांगता येईना की मी होणार कोण. "म्हणजे डॉक्टर नाही?" "नाही." "म्हणजे चष्म्याचं दुकान?" आत्यानं मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, "शिकवतात काय ते सांग." मी सांगितलं, डोळे तपासायचे, नंबर काढायचा, काय बिघडलंय ते ओळखायचं आणि गरज असेल त्याला डॉक्टरांकडे धाडायचं. ती म्हणाली, "बरं आहे की. कुणीतरी ओळखायला नको का?" तिसऱ्या वर्षाला सरांनी सांगितलं की आता प्रत्येकानं स्वतःची उपकरणं घ्या, कॉलेजच्या उपकरणांवर दुसऱ्याचा हात असतो, आपला बसत नाही. हातात धरून डोळे तपासायची मुख्य उपकरणं दोन. एक ऑप्थॅल्मोस्कोप. त्याच्या भोकातून बघितलं की डोळ्याच्या आतला पडदा दिसतो, त्यावरच्या लाल शिरा दिसतात. दुसरा रेटिनोस्कोप. हा दिसायला साध्या बॅटरीसारखा. त्यातून उजेडाची एक पट्टी निघते, ती समोरच्याच्या डोळ्यावरून हलवायची आणि बाहुलीत उमटणारी लालसर चमक कशी सरकते ते बघायचं. त्या सरकण्यावरून, पुढे भिंगं धरत धरत, नंबर निघतो. माणसानं एक शब्द बोलायची गरज नाही.

माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी जोडसंच घेतला होता. मखमलीचं निळं अस्तर लावलेली पेटी, चकचकीत दांडा, त्यावर दोन्ही डोकी आलटूनपालटून बसवायची. पेटी उघडली की माणूस डॉक्टरच वाटायचा! मलाही तीच हवी होती, अगदी जीव अडकला होता म्हणा ना त्या निळ्या मखमलीत. बाबा बाहेरगावी होते म्हणून ठाण्याला खरेदीला माझ्यासोबत आत्या आली. रविवार होता, दुकान एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं, आणि दुकानदार अतिशय गोड बोलणारे होते. "मॅडम, स्टुडंट लोक हेच घेतात. एका पेटीत दोन्ही आलं, टेन्शनच नाही," असं म्हणत त्यांनी पेटी उघडून काचेवर ठेवली. मी हरखले. आत्या मात्र शाळेत नवीन खडूंचा खोका तपासावा तशी पेटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यानं काम कसं होतं ते दाखवा."

"कसं म्हणजे, मॅडम?"

"म्हणजे ही माझी भाची, हा माझा डोळा. इथं बसते. मधू, बघ."

दुकानदार म्हणाले, त्याला अंधार लागतो. आत्या म्हणाली, मग दिवे घालवा. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती, ती कुरकुरली. मला तर भुईत शिरावंसं वाटत होतं. पण पंचवीस वर्षं पोरांना गप्प बसवलेल्या बाईच्या आवाजापुढं दुकानदारांचं काही चाललं नाही, त्यांनी ट्यूबलाइट बंद केल्या आणि पडदा ओढला. मी जोडसंचातला रेटिनोस्कोप उचलला. आत्याच्या उजव्या डोळ्यात छान लाल चमक दिसली, मी खूश झाले. मग डाव्यावर पट्टी आणली... आणि काहीच नाही. काळं. मी पट्टी इकडून तिकडे फिरवली, पुढे झाले, मागे झाले. तरीही काळंच. मला वाटलं, निकामी म्हणतात तो हाच, आत मोतीबिंदू असेल किंवा आणखी काही. मी म्हणाले, "आत्या, डाव्यात काही दिसत नाही गं."

"तुला दिसत नाही की ह्याला दिसत नाही?" ती त्या चकचकीत दांड्याकडे बोट दाखवून म्हणाली. "दुसरं काढा हो जरा."

दुकानदारांनी जरा नाराजीनंच फळीवरून एक नुसता रेटिनोस्कोप काढला. काळा दांडा, पेटी नाही, रेक्झिनची पिशवी. चार्जिंगचा नव्हता, साध्या सेलवर चालणारा. वजनाला मात्र भक्कम होता आणि उजेडाची पट्टी बारीक-रुंद करायची कडी अंगठ्याखाली लोण्यासारखी फिरत होती. मी आत्याच्या डाव्या डोळ्यावर पट्टी टाकली. पहिल्यांदा पुन्हा काळंच वाटलं. मग अगदी आत, खोलवर, एक मंद तांबूस पट्टी हलली. फार सावकाश हलली, पण माझ्या उजेडाच्या दिशेनंच हलली. मी काउंटरवरच्या भिंगांतलं एक 'प्लस' नंबरचं भिंग समोर धरलं, चमक वाढली. आणखी मोठं धरलं, आणखी वाढली. शेवटी अख्खी बाहुली लालबुंद झाली, स्वच्छ, कुठं एक डाग नाही की पुसटपणा नाही. मी विसरलेच की आपण दुकानात आहोत. मी ओरडले, "आत्या, तुझा डोळा चांगला आहे!"

"काय?"

"आत सगळं स्वच्छ आहे. काही बिघडलेलं नाही. नंबर आहे फक्त, खूप मोठा आहे. लहानपणी चष्मा लागला असता ना, तर..." पुढचं वाक्य मी पुरं केलं नाही. अंधारात मला तिचा चेहरा दिसत नव्हता, हातातल्या उजेडात फक्त तिचा तो एक डोळा उजळलेला. दुकानदारांनी विचारलं, लाइट लावू का? ती म्हणाली, "लावा. आणि हेच द्या." मी चाचरत म्हणाले की जोडसंचात ऑप्थॅल्मोस्कोपही आहे, दोन्ही मिळतात. ती म्हणाली, "माझ्या ह्या डोळ्यात ज्यानं दिसलं तेच घ्यायचं. दुसरं पुढं घेशील तुझ्या कमाईतून." निळी मखमल तिथंच राहिली. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी रागच आला होता.

परत येताना रिक्षा कशेळीच्या पुलावर बराच वेळ अडकून पडली. दोन्ही बाजूंना कंटेनर. आत्या बाहेर बघत होती. मग एकाएकी म्हणाली, "मी इतकी वर्षं देवाला बोल लावत होते गं. म्हणायचे, सगळ्यांना दोन दिलेस, मला एकच का? त्यानं दिला होता. बघणाऱ्यानं बघितला नाही." तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं आणि मग डाव्यातूनही आलं. रडायला दोघेही सारखेच होते. पुढे कॉलेजात सरांनी तिला नीट तपासलं आणि तेच सांगितलं. लहानपणी त्या डोळ्याला स्पष्ट चित्र मिळालंच नाही, म्हणून मेंदूनं त्याच्याकडून शिकायचं सोडून दिलं. आता ह्या वयात चष्म्यानंही फार फरक पडायचा नाही. सहा-सात वर्षांच्या पोराचा मात्र असा डोळा सुधारतो, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून आळशी डोळ्याला कामाला लावलं की. आत्यानं फक्त हे शेवटचं वाक्य ऐकलं असावं. बाहेर आल्या आल्या म्हणाली, "सहा-सात वर्षांची म्हणजे माझी पहिली-दुसरीच की!"

त्यानंतरच्या सोमवारपासून तिच्या वर्गात एका डोळ्याची हजेरी सुरू झाली. ती फळ्यावर सगळ्यांची नावं लिहायची. एकेकानं मागच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एका डोळ्यावर तळहाताची वाटी धरायची आणि आपलं नाव शोधून 'हजर' म्हणायचं. मग दुसरा डोळा. पोरांना तो खेळच वाटे. बोटांच्या फटीतून बघणाऱ्याला ती पुन्हा उभं करी. बाकीच्या शिक्षकांनी थट्टा केली, एका साहेबांनी तपासणीला आल्यावर विचारलं की हे कुठल्या परिपत्रकात आहे. आत्या म्हणाली, "परिपत्रक निघेपर्यंत पोरं दहावीला जातील."

आणि इकडे आळीत, आत्याच्या घरी, माझा सराव. रेटिनोस्कोपला हात बसायचा तर डोळे लागतात, रोज लागतात, आणि आत्या रोज संध्याकाळी शाळेतून आली की पाय धुऊन खिडकीसमोरच्या खुर्चीत बसायची. "हं, बघ." खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड आहे. तिच्या पत्र्याखाली एक पिवळा बल्ब लोंबतो. रेटिनोस्कोपी करताना समोरच्यानं लांब बघायचं असतं, जवळ बघितलं की डोळ्याचा नेम बदलतो आणि नंबर चुकतो. म्हणून मी तिला तो बल्ब नेमून दिला होता. पण ती कसली बघते! दोन क्षण बघायची आणि पुन्हा तिची नजर माझ्या तोंडावर. माझा नंबर दरवेळी वेगळा येई. "लांब बघ, आत्या!" "बघते आहे की." "माझ्याकडे बघतेयस तू. बल्बकडे बघ." "आणि तू नीट करतेस की नाही ते कोण बघणार?" असं आमचं रोज. मी चिडायचे, रेटिनोस्कोप ठेवून द्यायचे, ती हसायची आणि म्हणायची, "पुन्हा कर." पलीकडे लूमची खटाखट चालू, इकडे आमची. माझा हात बसला तो असा, तिच्याशी भांडता भांडता. कधीही न ऐकणारं एवढंसं पोर आलं तरी आज माझा नंबर चुकत नाही, त्याचं मूळ त्या खुर्चीत आहे.

हजेरीत पहिली सापडली ती सोनी, पाड्यावरची, दुसरीतली. उजवा डोळा झाकला की तिला फळाच दिसेना. आत्या तिला नि तिच्या बापाला घेऊन माझ्याकडे आली. बाप मजुरीला जाणारा, खाडा करून आला होता, वैतागला होता. "बाई, तिचा डोला बरा हाय. धावते, खेलते, बोरं पाडते. कशाला उगा?" मी रेटिनोस्कोप धरला. सोनी लाजून एक अक्षर बोलत नव्हती, आणि तिनं बोलायची गरजही नव्हती. डाव्या डोळ्यात तीच मंद, सावकाश सरकणारी चमक. मी आत्याकडे बघितलं, तिला काही सांगावं लागलं नाही. कॉलेजातून चष्मा झाला, चांगल्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी लावायची ठरली. आणि सोनीनं पट्टी फेकून दिली! पोरं तिला चिडवत होती. आत्यानं तिला रागावून बघितलं, चुचकारून बघितलं. दुसऱ्या दिवशी आत्या स्वतःच उजव्या डोळ्यावर पट्टी लावून वर्गात गेली आणि 'निकामी' डोळ्यानं शिकवायला लागली. फळ्यावरच्या ओळी उतरंडीला लागल्या, 'क'च्या जागी भलतंच काही उमटलं, ती टेबलाला धडकली. पोरं हसून हसून लोळली. ती म्हणाली, "हसा. ह्या डोळ्याला लहानपणी कुणी कामाला लावलं नाही, म्हणून आज तो असा आहे. सोनीचा लागणार आहे." ती बरेच दिवस तशी पट्टी लावून शिकवत होती. सोनीनंही लावली. वर्ष सरता सरता सोनी भिंतीला पाठ लावून, उजवा डोळा झाकून, फळ्यावर आपलं नाव शोधून 'हजर' म्हणाली. आत्या त्या संध्याकाळी पेढे घेऊन आली होती, जणू तिला स्वतःलाच नोकरी लागली.

नेत्रदानाचं तिनं निवृत्त झाल्यावर ठरवलं. आम्ही दोघी माझ्या दवाखान्यात बसलो होतो. तिनं विचारलं, "माझा डावा चालेल का गं?" मी म्हणाले, नुसता चालेल नव्हे, पळेल. लागतो तो पुढचा पारदर्शक पडदा, आणि तुझा तर लख्ख काचेसारखा आहे. मेंदू काय शिकला नि काय नाही, ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. तिनं डाव्या पापणीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "उजव्यानं माझं सगळं काम केलं, तो थकला तरी हरकत नाही. डाव्याला मात्र अजून कामच मिळालेलं नाही. त्याला मिळवून द्यायचं, मधू. ते तुझ्याकडे लागलं." मी हो म्हणाले. असं हो आपण किती सहज म्हणतो...

त्या सकाळी मी पोचले तेव्हा पंखा बंद होता, कापूस ठेवलेला होता, डॉक्टर येऊन गेले होते, आणि खोलीत वाद पेटला होता. नानाकाका, आत्याचे दीर, दारात उभे होते. वाईट माणूस नाही, भावजयीवर त्यांचा फार जीव. "मधुरा, दानाला माझा विरोध नाही. पण दोन्ही डोळे काढून पाठवायचं? वर गेल्यावर तिनं चाचपडत फिरायचं का?" बायका माना डोलावत होत्या. कुणीतरी तोडगा काढला, आणि तो सगळ्यांना एकदम पटला, की एक डोळा द्या, एक राहू दे. नानाकाका म्हणाले, "तसं करू. तो डावा देऊन टाका. निकामीच होता. चांगला तिच्याजवळ राहू दे." मला त्या अवस्थेतही हसू यायचं बाकी होतं. ज्या डोळ्यासाठी मी जिवाचं रान करत धावत आले, तो मला न मागता मिळत होता, आणि मिळत होता तो 'निकामी' म्हणून! मी गप्प राहिले असते तर तिचं सांगणं निम्मं पुरं झालंच असतं. पण तो शब्द मला त्या खोलीत पुन्हा ऐकायचा नव्हता.

मी म्हणाले, "नानाकाका, तो निकामी नव्हता. कोरी पाटी होती ती. फुटलेली नव्हती, तिच्यावर कुणी लिहिलं नव्हतं, एवढंच. मी तो डोळा आतून बघितलाय, तुमच्या-माझ्याहून स्वच्छ आहे. तो टाकून द्यायचा म्हणून नाही द्यायचा. चांगला आहे म्हणून द्यायचा, आणि दुसराही चांगला आहे म्हणून द्यायचा." माझा आवाज चढला होता, शेजारणी बघायला लागल्या. सही प्रशांतदादाची लागणार होती. तो पलंगाच्या कडेला बसून होता, आईच्या पायावर हात ठेवून. त्यानं मान वर केली आणि सावकाश म्हणाला, "नानाकाका, आईनं पोरांना हसवायला पट्टी बांधली होती ना उजव्यावर, ती तशीच घरी यायची. उंबऱ्याला अडखळायची, पण काढायची नाही. म्हणायची, सवय होऊ दे. तिला चाचपडायची भीती नव्हती. दोन्ही द्यायचे." नानाकाकांनी डोळे पुसले आणि बाजूला झाले. पुढे कागदावर साक्षीदार म्हणून सही त्यांनीच केली.

पण सही करायला कागद घेऊन येणारी माणसं कुठं होती? नेत्रपेढीला मी निघतानाच कळवलं होतं, पण गाडी कशेळीला अडकलेली. एक कंटेनर आडवा झाला होता, वेळ सरत होता. मी कापूस पुन्हा भिजवला आणि सोनीला फोन लावला. सोनी आता कशेळीच्याच एका गोडाउनमध्ये कामाला आहे, माल तपासायचं काम, चष्मा माझ्याकडूनच घेते. मी सगळं सांगितलं, तिनं गाडी कुठं अडकलीय ते विचारलं. मग म्हणाली, "ताई, गाडीचा नंबर बोला. मी हाय ना." ड्युटी सोडून ती स्कूटी घेऊन पुलाकडे गेली, त्या गाडीच्या पुढे लागली आणि गोडाउनांच्या मधल्या गल्ल्यांतून, राहनाळ गावाच्या आतल्या वाटेनं त्यांना घेऊन आली. दारात उतरली तेव्हा अंगभर धूळ. वेळेत आली होती गाडी. आत सगळं होईपर्यंत ती ओट्यावर बसून राहिली, आणि दार उघडल्यावर आत जाऊन बाईंच्या पायाशी वाकली. आत्याचा चेहरा होता तसाच होता, शांत, जरासा डावीकडे वळलेला. बायकांना वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. तसं काही नव्हतं, ती नुसती झोपल्यासारखी दिसत होती.

काही दिवसांनी दादाचा फोन आला. नेत्रपेढीनं कळवलं होतं की दोन्ही बसवले, दोन वेगवेगळ्या माणसांना. कुणाला ते सांगत नाहीत. "दोन्ही, मधू," तो म्हणाला, "डावासुद्धा." तेव्हा मी रडले. दवाखान्यात पेशंट होते, त्यांच्यासमोरच रडले. आळीतल्या बायकांना कुणीतरी कळवायला हरकत नाही.

तो काळा रेटिनोस्कोप अजून माझ्या हातात असतो. ऑप्थॅल्मोस्कोप पुढे माझ्या कमाईतून घेतला, नवी मशिनंही आली, पण रेटिनोस्कोपचा फक्त बल्ब बदलला, दांड्याचा रंग अंगठ्याच्या जागी उडालाय. माझ्यापुढे लूमवरचे कारागीर बसतात, गोडाउनातले हमाल बसतात, पाड्यावरची पोरं बसतात, आणि मी दिवा मालवून दिवसभर एकच वाक्य म्हणते. लांब बघा. दूर देखिए, मेरी तरफ नहीं. बुबुळ बदललेल्या माणसाला पुढे चष्म्याचा नंबर काढावाच लागतो, आणि तो कुणीतरी असाच अंधारात बसवून, पट्टी फिरवून काढतं. आत्याचा डावा डोळा ज्याला मिळाला तो माणूस कुठला आहे मला माहीत नाही. ठाण्याचा असेल, नाशिकचा असेल, इथलाच असेल. उद्या माझ्यासमोर येऊन बसला तरी मला कळायचं नाही, बुबुळावर नाव लिहिलेलं नसतं. पूर्वी कुणी लांब न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिलं की मी चिडायचे. आता नाही चिडत. कुणी तसं बघायला लागलं की मी हात स्थिर करते, एकदा काढलेला नंबर पुन्हा काढते, नीट काढते. बघ म्हणावं, नीट करते की नाही ते.